वंशावळ मांडणाऱ्याला काय काय शिकावे लागते?

रायपूर शहराच्या जुन्या भागात, बुढातलाव आणि कंकाली तलाव यांच्या परिसरात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे आळी किंवा मोहल्ला. बुढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा अशी जुन्या रायपूरची ओळख या पाऱ्यांच्या नावांनी होते. या जुन्या शहरात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, असा त्यांचा भाषाव्यवहार आहे.

अशा एखाद्या घराने आपल्या पूर्वजांचा माग काढायचे ठरवले, तर ते काम स्वीकारणाऱ्या वंशावळकारासमोर एकाच वेळी तीन राजवटींची दप्तरे, चार लिप्या आणि अर्धा डझन कालगणना उभ्या राहतात. वंशावळ म्हणजे नावांखाली नावे लिहिलेला तक्ता, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्या तक्त्यातील प्रत्येक रेघ हा एक दावा असतो. अमुक हा तमुकाचा मुलगा, हे विधान कशाच्या आधारे केले, असा प्रश्न जातपडताळणी समिती, दिवाणी न्यायालय किंवा तहसील कार्यालय कधीही विचारू शकते. त्याचे उत्तर चुकले, तर एखाद्याचे महाविद्यालयातील प्रवेश रद्द होऊ शकतात आणि एखाद्या बहिणीचा जमिनीतील वाटा नाहीसा होऊ शकतो.

भारतात या व्यवसायासाठी परवाना लागत नाही. ठरावीक पदवी नाही, वर्षावर्षाने नूतनीकरण करावे लागेल असे प्रमाणपत्रही नाही. त्यामुळे हे काम शिकायचे कोठे, शिकलेले अद्ययावत ठेवायचे कसे आणि आपल्याला किती येते हे ओळखायचे कसे, हे प्रश्न ज्याचे त्यानेच सोडवायचे असतात.

रायपूरचे कागद रायपुरात का सापडत नाहीत

वंशावळकाराला पहिल्यांदा शिकावा लागतो तो राज्यकारभाराचा इतिहास. कागद कोठे आहे, हे तो कोणाच्या कारभारात तयार झाला यावर ठरते.

नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर स्वारी केली आणि हैहयवंशीय राजसत्तेला भोसल्यांचे वर्चस्व मान्य करावे लागले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्या काळात कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी रुळली. त्यानंतर नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांचा अंमल आला. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी भोसल्यांच्या वतीने कारभार हाती घेतला, तेव्हा मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवण्यात आले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

१८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला व त्याची राजधानी नागपूर झाली. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची राजधानीही १९५६ पर्यंत नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन होऊन रायपूर स्वतःच राजधानी झाले.

या घडामोडींचा वंशावळीशी थेट संबंध आहे. ब्राह्मणपाऱ्यातील घराण्याचा अठराव्या शतकातील कागद असलाच, तर तो नागपूरच्या दप्तरात किंवा त्या घरातील जुन्या पेटीत असण्याचा संभव अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शोधावा लागतो. बंदोबस्ताचे कागद जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. मध्य प्रांताच्या सचिवालयाची कागदपत्रे नागपूर आणि भोपाळ अशी दोन्हीकडे पाहावी लागतात. ज्याला हा नकाशा ठाऊक नाही, तो रायपुरात कागद मिळाला नाही म्हणजे कागद नाहीच, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

आणखी एक बारकावा आहे. १९५२ मध्ये नागपूरहून रायपूरला बदली होऊन आलेल्या कारकुनाने राज्याची सीमा ओलांडली नव्हती, कारण दोन्ही शहरे तेव्हा एकाच राज्यात होती. सीमा चार वर्षांनी त्या दोन शहरांच्या मधून गेली. अनुसूचित जाती व जमातींच्या बाबतीत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या वेळी कुटुंब कोणत्या राज्यात राहत होते, याला महत्त्व असते. तेव्हा वंशावळीत केवळ नाव नव्हे, तर त्या वर्षीचे वास्तव्य आणि त्या वर्षीचे राज्यही लिहावे लागते.

वाचन सुरू करण्यासाठी छापील साधने उपयोगी पडतात. रिचर्ड जेन्किन्स यांचा नागपूर राज्यावरील १८२७ चा अहवाल, अॅग्न्यू यांचा छत्तीसगडवरील १८२० चा अहवाल, नेल्सन यांनी संपादित केलेले रायपूर जिल्ह्याचे १९०९ चे गॅझेटियर आणि यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे ग्रंथ पाहिल्यावाचून या भागातील वंशावळीला हात घालू नये. यातून पूर्वजांची नावे क्वचितच मिळतील. परगणा, सुभा, कमाविसदार, पटेल, मालगुजार हे शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने वापरले जात, हे मात्र कळेल.

मोडी: दहा दिवस आणि दहा वर्षे

मराठी मुलखातील वंशावळकारासाठी मोडी हा पाया आहे. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेत आले आहे. पुण्यात ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे या अभ्यासाचे जुने केंद्र आहे. काही विद्यापीठांतही प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात. रायपूरच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे मोठे केंद्र नागपूर हेच होय.

अशा वर्गांत मुळाक्षरे, बाराखडी आणि काही सोपे उतारे शिकवले जातात. दहा-पंधरा दिवसांत विद्यार्थी अक्षरे ओळखू लागतो व त्याचा उत्साह वाढतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मोडीत आधी ओळीची आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात न उचलता लिहीत जात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. इंग्रजी अमदानीतील वळण शिकलेल्याला पेशवाईतील बोरूचे वळण अनोळखी वाटते आणि शिवकालीन वळण त्याहून वेगळे असते. प्रत्येक कारकुनाचा हात निराळा असतो, हे तर वेगळेच.

त्यात संक्षेपांची भर पडते. ‘राजश्री’ पूर्ण लिहिण्याऐवजी एक अक्षर व खूण, तारखेपूर्वी चांद्र तिथी दाखवणारा ‘छ’, पूर्वोक्त या अर्थी ‘मजकूर’, पत्र पोचल्याची नोंद म्हणून ‘पैवस्ती’. हे शब्द कोशात सापडतात, पण ओघात ओळखायला शेकडो कागद वाचावे लागतात. जाणकारांकडे बसून, चुका दुरुस्त करून घेत वाचणे याला पर्याय नाही. ज्या वाचकाला आपल्या चुका दाखवणारे कोणी नसते, तो दहा वर्षे एकच चूक करत राहतो.

या कौशल्याला अलीकडे किती मोल आले आहे, हे सप्टेंबर २०२३ नंतर दिसून आले. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नंतर ही शोधमोहीम राज्यभर नेण्यात आली. जिल्हा कचेऱ्या, भूमी अभिलेख, शाळा आणि तुरुंग यांच्या दप्तरांतील मोडी व उर्दू नोंदी वाचण्यासाठी जाणकारांची गरज एकाएकी भासू लागली. जातीच्या रकान्यातील एखादे अक्षर कसे वाचले, यावर एका कुटुंबाच्या पुढच्या पिढ्यांचा हक्क अवलंबून राहिला. हे वाचन घाईने करण्याचे काम नव्हे, आणि मागणी वाढली की घाई होते, हेही तितकेच खरे.

संगणकाची मदत मिळू लागली आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामुळे मोडी मजकूर टंकलिखित करता येतो. हस्तलिखित मोडी यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्नही होत आहेत. परंतु यंत्राने दिलेले वाचन बरोबर आहे की नाही, हे सांगायला मोडी येणारा माणूसच लागतो.

एकच शब्द, दोन अर्थ

महाराष्ट्राबाहेरील मराठी घराण्यांचे काम करताना भाषेचे सापळे अधिक असतात. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या कागदांत ‘सखूबाई कोम रामजी’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ रामजीची पत्नी सखूबाई असा होतो. याउलट हिंदी-उर्दू वळणाच्या कागदांत ‘कौम’ या शब्दापुढे जात लिहिलेली असते. महाराष्ट्रात शिकलेला वाचक रायपूरच्या कागदातील जातीला नवरा समजेल आणि रायपुरात शिकलेला वाचक साताऱ्याच्या कागदातील नवऱ्याला जात समजेल. ‘बिन’ आणि ‘वलद’ हे दोन्ही शब्द मुलगा या अर्थी येतात. ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. हे शब्द पाठ करून भागत नाही, कोणत्या दप्तरात कोणता शब्द चालत असे हे ठाऊक असावे लागते.

आडनावांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. हिंदी लेखनात ‘ळ’ हे अक्षर सहसा वापरले जात नाही. त्यामुळे ‘काळे’ हे शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीत ‘काले’ होतात, इंग्रजी कागदात आणखी बदलतात आणि तेथून परत देवनागरीत येताना ‘केल’ही होऊ शकतात. व्यक्तिनामांचेही तसेच आहे. रायपूरच्या सार्वजनिक जीवनात नावाजलेले वामन बळीराम लाखे हिंदी लेखनात बहुधा ‘वामनराव लाखे’ या नावाने आढळतात. त्यांच्या सहकार्याने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घराण्यातील होते आणि त्यांची ख्याती हिंदी पत्रकार म्हणून झाली. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांचाच. त्यांचे निधन २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात झाले. अशी प्रसिद्ध माणसे सहज ओळखता येतात. सामान्य घरातील वामन, वामनराव, वामन बळीराम आणि घरगुती नावाने ओळखले जाणारे ‘बापूजी’ हे एकच की चार वेगळे, हे ठरवण्यात महिना जातो.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल मराठी घरांत सर्रास होती. त्यामुळे ‘गोविंद नारायण’ आणि ‘नारायण गोविंद’ ही जोडी एकाआड एक पिढ्यांत येत राहते. अशा वेळी एक पिढी गळणे किंवा दोन माणसे एक होणे ही नेहमीची चूक ठरते. स्त्रियांची नावे लग्नानंतर बदलत असल्याने एकाच स्त्रीची माहेरची व सासरची नोंद जुळवणे सर्वांत कठीण जाते.

दत्तकाने तर माणसाचे नाव आणि बाप दोन्ही बदलतात. याचे ठळक उदाहरण नागपूरच्या राजघराण्यातच आहे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांच्या कुटुंबाने नात्यातील यशवंतराव अहिरराव यांना दत्तक घेऊन जानोजी हे नाव दिले. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी राज्याच्या वारसासाठी हे दत्तक मानले नाही आणि राज्य खालसा केले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुत्र असलेला माणूस सरकारच्या दृष्टीने वारस नव्हता. आजच्या वंशावळकारानेही रक्ताची रेघ आणि दत्तकाची रेघ वेगवेगळ्या खुणेने दाखवावी व दोन्हींचा पुरावा द्यावा, अशी अपेक्षा असते.

कोणते साल, कोणाचे साल

मराठी कागदांतील तारीख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शके सालात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, हे अनेकांना ठाऊक असते. विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. मराठेशाहीतील कागदांत मात्र सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष जून १७६० च्या सुमारास सुरू झाले. पानिपतचे युद्ध जानेवारी १७६१ मध्ये झाले, ते याच सुहूर वर्षात. वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवायचे, हा त्याचा हिशोब.

फसली सनात खरी गफलत होते. उत्तर हिंदुस्थानातील फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात, तर दक्षिणेकडील फसलीत ५९० किंवा ५९१. रायपूर दोन्ही परंपरांच्या मध्ये पडते. चुकीचा फसली धरला, तर दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. तो क्षुल्लक वाटेल. परंतु वडिलांच्या मृत्यूची नोंद मुलाच्या जन्माआधी दोन वर्षे येऊ लागली की वंशावळीवरचा विश्वासच उडतो, आणि दोष कागदाचा नसून हिशोबाचा असतो.

वही, मिसल आणि कोटवार

पूर्वी वंशावळ राखणे हे काही समाजांचे व घराण्यांचे परंपरागत काम होते. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात हेळवी समाजाची माणसे गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवत आणि नव्या नोंदी करत. भाटांकडेही अशा वह्या असत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. कोण आले, कोठून आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, हे त्यांत असते आणि खाली बहुधा यजमानाची सही. या विद्येचे शिक्षण घरातच, बापाकडून मुलाला मिळे.

या वह्या गाव आणि आडनाव यांनुसार पाहतात. रायपूरच्या घराण्याने मूळ गाव म्हणून कोकणातील किंवा देशावरील गाव सांगितले होते, नागपूर सांगितले होते, की रायपूरच, यावर वही कोणाकडे निघेल हे ठरते. वंशावळकाराने तिन्ही नावांनी विचारावे. अमेरिकेतील युटाच्या वंशशास्त्र संस्थेने हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा येथील अनेक वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले असून पुढे त्या संगणकावर पाहण्याची सोयही झाली. त्यामुळे काही नोंदी प्रवासाशिवाय पाहता येतात. तथापि वही सांभाळणाऱ्याला जे तोंडी ठाऊक असते, ते चित्रफितीत उतरत नाही.

सरकारी दप्तराची शिकवणी वेगळी. छत्तीसगडमध्ये जातीच्या दाखल्यासाठी लोक ‘मिसल’ शोधतात. ब्रिटिशकालीन जमीनबंदोबस्ताच्या वेळी गावनिहाय तयार झालेली ही कागदपत्रे असून त्यांत कास्तकाराचे नाव, बापाचे नाव आणि जात आढळते. मराठी घराण्यांपैकी काही मालगुजार होती. त्यांच्यासाठी गावाच्या हिस्सेदारांची नोंद असलेला ‘खेवट’ महत्त्वाचा, कारण हिस्सा वाटला गेला की भाऊ, पुतणे आणि दत्तकपुत्र कागदावर येतात. मालमत्तेचे तंटे वंशावळकाराला नेहमीच फलदायी ठरतात. ज्या घरात कधी भांडण झाले नाही, त्याचा इतिहास लिहिणे अवघड जाते.

मध्य प्रांतातील गावांत कोटवार जन्म-मृत्यूची वही ठेवून पोलीस ठाण्यात माहिती देत असे. विदर्भात आजही ‘कोतवाल बुकाची नक्कल’ जातपडताळणीत पुरावा म्हणून दाखल होते. जुन्या मुंबई इलाख्यात त्याच कामासाठी गाव नमुना १४ पाहतात. अर्थात एकाच कुटुंबाच्या दोन शाखा रायपूर आणि सातारा येथे असतील, तर एकाच प्रकारच्या नोंदीसाठी दोन वेगळ्या नावांनी अर्ज करावा लागतो. अर्जात चुकीचे नाव लिहिले, तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असते.

कायद्याची शिकवणी

वंशावळ न्यायालयात गेली की तिची परीक्षा वेगळ्या नियमांनी होते. १८७२ च्या पुरावा कायद्यात नातेसंबंधांविषयी मृत व्यक्तींनी केलेली विधाने काही अटींवर पुरावा म्हणून मान्य होती. वाद उद्भवण्यापूर्वी विधान झालेले असावे, ही त्यांतील मुख्य अट. योग्य ठिकाणी जतन झालेल्या तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाबाबतही काही गृहीतके धरता येत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. तत्त्वे बरीचशी कायम राहिली तरी कलमांचे क्रमांक बदलले. तीस वर्षांच्या दस्तऐवजाचे कलम ९० होते, ते आता ९२ आहे. जुन्या क्रमांकाचे प्रतिज्ञापत्र आजही टाइप करून देणारे आहेत.

बेतिया संस्थानाच्या वारशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये वंशावळींचे मूल्यमापन कसे करावे, याचा तपशीलवार ऊहापोह केला. तक्ता कोणी तयार केला, त्याला माहिती कोठून मिळाली आणि तक्ता तयार करण्यात त्याचा स्वार्थ होता का, हे प्रश्न त्यात मध्यवर्ती आहेत. वंशावळकाराने हा निकाल एकदा पूर्ण वाचावा. चांगल्या पाठ्यपुस्तकाइतका त्याचा उपयोग आहे.

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रांची पडताळणी २००१ च्या अधिनियमानुसार होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. छत्तीसगडमध्ये इतर मागासवर्गीयांसाठी २६ डिसेंबर १९८४ हा दिनांक धरतात. अर्जासोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वडिलांकडील रक्ताच्या नातलगाला वैधता मिळालेली असेल, तर त्याचा आधार घेता येतो. याची दुसरी बाजू अशी की वंशावळीतील एक खोटी रेघ उघडकीस आली, तर त्या रेघेवर विसंबलेल्या सर्व चुलत भावंडांची प्रमाणपत्रे संशयाखाली येतात.

वारसाहक्कातील बदलही नजरेआड करून चालत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींना एक ओळही मिळत नसे, किंवा ‘कन्या तीन’ एवढीच नोंद असे. त्या पद्धतीने आज वंशवृक्ष करून दिला, तर तो अपुरा ठरतो आणि वारस नोंदीच्या वेळी हेतुपुरस्सर लपवाछपवी केल्याचा आरोप येऊ शकतो.

परदेशांत काय करतात

अमेरिकेत १९६४ मध्ये वंशशास्त्रज्ञांना प्रमाणित करणारे मंडळ स्थापन झाले. त्याचे प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असते. मुदत संपली की नव्या कामाचे नमुने देऊन पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. या मंडळाने पुरस्कारलेल्या प्रमाणात शक्य तितका सर्व शोध घेणे, प्रत्येक विधानाचा आधार नोंदवणे, पुराव्यांची तुलना करणे, परस्परविरोधी पुराव्यांचा उलगडा करणे आणि निष्कर्ष कारणांसह लिहून देणे या गोष्टी अपेक्षित आहेत. ब्रिटनमध्ये लंडनची वंशशास्त्रज्ञांची सोसायटी १९११ पासून काम करत आहे. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

मराठीत असे मंडळ नाही, पण आधार नोंदवण्याची शिस्त मुळीच परकी नाही. राजवाडे यांनी मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून विधान करू नये, हा आग्रह शंभर वर्षांपूर्वीच धरला होता. विसाव्या शतकात प्रसिद्ध झालेल्या कुलवृत्तांतांपैकी चांगल्या ग्रंथांत माहिती कोणी पुरवली हे नमूद केलेले असते. अनेक कुलवृत्तांतांत मात्र पहिल्या चार-पाच पिढ्या आख्यायिकांच्या आधारे येतात, आणि पुढील आवृत्त्यांत त्या निःशंकपणे उतरवल्या जातात. छापले गेले म्हणून ते सिद्ध झाले असे मानणारा वाचक वर्ग मोठा आहे.

ज्यांना पद्धतशीर शिक्षण हवे आहे, त्यांच्यासाठी नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख अध्ययन विद्यालय हा एक मार्ग आहे. तेथे अभिलेख व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम आणि जुन्या कागदांची दुरुस्ती, जतन यांसारख्या विषयांचे अल्पमुदतीचे वर्ग चालतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ पासून उपलब्ध असून त्यावर सूची शोधता येते. रायपुरात बसून दिल्लीतील फाइलीचा क्रमांक आधी काढून ठेवला, तर तेथील मुक्कामाचे दिवस वाचतात.

जतनाचे शिक्षण हा अनावश्यक खर्च नव्हे. घरातून निघालेला मोडी कागद घडीवर फाटलेला असतो. त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावणे किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालून घेणे हा प्रचलित उपाय कागदाचा नाश करतो. कागद प्रथम जसा आहे तसा छायाचित्रित करावा, मागील कोरी बाजूसुद्धा, कारण पोचपावतीची नोंद बहुधा तेथेच असते. कोणाच्या घरात, कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांसोबत तो सापडला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. वाद उद्भवला तर ‘योग्य ठिकाणाहून मिळालेला कागद’ ही अट या नोंदीवरच पुरी होते.

हयात व्यक्तींची माहिती हा नवा विषय आहे. जन्मतारखा, पत्ते, आजार, दत्तकविधान, दुसरे लग्न अशा गोष्टी वंशावळकाराला कळतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर ही माहिती संगणकावर ठेवणे व इतरांना पाठवणे यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. नातलगांना द्यायच्या प्रतीत हयात व्यक्तींची केवळ नावे ठेवून बाकी तपशील काढून टाकणे, ही पद्धत सोयीची आहे.

मोबदल्याचा करार करताना शोधाच्या तासांचे पैसे घ्यावेत, निष्कर्षाचे नव्हे. अमुक जात निघाली तर इतके, असा व्यवहार ठरला की पुढील प्रत्येक वाचन त्या रकमेच्या दिशेने झुकते. ज्या कुटुंबाला हवी ती नोंद सापडली नाही, त्यालाही कोणती दप्तरे पाहिली, कोणत्या वर्षांची पाने नव्हती आणि कोठे अर्ज प्रलंबित आहे, याचा लेखी अहवाल मिळाला पाहिजे. पुढच्या पिढीतील कोणी पुन्हा शोध घेऊ लागला, तर त्याला ब्राह्मणपाऱ्यातून नागपूरपर्यंतची तीच वाट नव्याने तुडवावी लागत नाही.